वापरलेल्या वेकबोर्ड बोटीतील बॅलास्ट आणि विजेच्या तक्रारी : पंप बदलण्यापूर्वी काय तपासावे

वापरलेली वेकबोर्ड बोट घेतलेल्या ग्राहकाची आमच्याकडे येणारी पहिली तक्रार बहुधा ठरलेलीच असते : "डावी पिशवी भरत नाही, नवा पंप बसवून द्या." पिशवी म्हणजे बॅलास्टची पिशवी; बोट जड होऊन मागची लाट मोठी व्हावी म्हणून ती पंपाने पाण्याने भरतात. जुना पंप काढून नवा बसवणे फार वेळाचे काम नाही आणि ते आम्ही करूनही देऊ, परंतु अशा तक्रारींत पंप मुळात चांगलाच असल्याचे आम्हाला वारंवार आढळले आहे. पंपाला दोन गोष्टी लागतात, पुरेशी वीज आणि मोकळ्या वाटेने येणारे पाणी. यांपैकी एकीच्या वाटेत कुठेतरी अडथळा असला की नवा पंपही जुन्यासारखाच वागतो आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात. ते वाचावेत म्हणून, साधा डिजिटल मल्टिमीटर हाताशी असल्यास आपले आपणच काय तपासू शकता, ते या पत्रकात सांगितले आहे.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती इंजिनच्या कप्प्यात आणि बोटीच्या बुडाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचून राहते. इंजिनचे झाकण उघडून आधी वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल तर एकही स्विच न दाबता झाकण उघडे ठेवून बाजूला व्हावे आणि गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. वास नसला तरी इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर, म्हणजे कप्प्यातील वाफ बाहेर टाकणारा पंखा, किमान ४ मिनिटे चालवावा. वायर सोडवायची असल्यास बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. इंजिनच्या कप्प्यात बसणारा प्रत्येक पंप, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि साधा स्विच ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या, खास बोटीसाठी बनवलेल्या प्रकारचा असावा; मोटारीसाठी मिळणारा, दिसायला अगदी तसाच असलेला भाग तेथे चालत नाही. याबाबतीत आम्ही कोणाचाही आग्रह मान्य करत नाही.

आपला पंप कोणत्या प्रकारचा आहे

तपासणीची दिशा यावरच ठरते. पहिल्या प्रकारात रबरी पाकळ्यांचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे फिरते चाक, असतो. हा पंप हवा खेचून पाणी वर आणू शकतो आणि उलटा फिरवला की तोच पंप पिशवी रिकामीही करतो, म्हणून एका पिशवीला एकच पंप पुरतो. त्याच्या पाकळ्यांना पाण्याचेच वंगण लागते. कोरडा चालला तर त्या थोड्याच वेळात तापून झिजतात किंवा तुटतात. बोट ट्रेलरवर असताना "चालतो का पाहू" म्हणून स्विच दाबून धरणे हे इंपेलर खराब होण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

दुसऱ्या प्रकारचा पंप केंद्रोत्सारी असतो. तो एकाच दिशेने पाणी ढकलतो, त्यामुळे भरण्यासाठी एक आणि रिकामे करण्यासाठी दुसरा असे दोन पंप लागतात. त्याला हवा खेचता येत नाही. तो पाण्याच्या पातळीखाली बसलेला असावा लागतो आणि त्याच्या तोंडाशी हवेचा फुगा अडकला तर मोटर जोरात फिरूनही थेंबभर पाणी चढत नाही. अशा वेळी पंप चालू ठेवून बोट अगदी मंद गतीने थोडी पुढे आणि थोडी मागे घेतली की फुगा बहुधा निघून जातो. तोच त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर नळीला कुठे झोळ पडला आहे का, ते पाहावे.

आधी ऐकावे, मग मोजावे

स्विच दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर शोध विजेकडे वळवावा. मोटर मोकळेपणाने, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात फिरत असेल आणि पाणी येत नसेल, तर तळाचा व्हॉल्व्ह (बाहेरचे पाणी ज्यातून आत येते तो) बंद आहे, गाळणीत शेवाळ अडकले आहे, हवा अडकली आहे किंवा इंपेलरच्या पाकळ्या तुटल्या आहेत, यांपैकी काहीतरी आहे. मोटर जड आवाजात, ओढल्यासारखी फिरत असेल, तर एकतर व्होल्टेज कमी पोहोचत आहे किंवा बरेच महिने न वापरल्याने पाकळ्या आतल्या भिंतीला चिकटल्या आहेत. चिकटलेला इंपेलर नेहमीपेक्षा फार जास्त करंट ओढतो आणि फ्यूज उडवतो. तेव्हा मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की त्याऐवजी वायर तापते, आणि ती वायर गादीखालून, पेट्रोलच्या टाकीजवळून गेलेली असते.

इंपेलरचा पंप पिशवी भरतो पण रिकामी करत नाही, अशी तक्रार असल्यास दोष बराचसा आपोआप उघड झालेला असतो. एका दिशेने मोटर नीट फिरते आणि पाणी ओढते, म्हणजे मोटर, इंपेलर व नळ्या ठीक आहेत. मोटरची दिशा उलटवण्याचे काम रिलेची जोडी किंवा दुपदरी स्विच करतो आणि बहुधा त्यांतलाच एक संपर्क जळालेला असतो. शेजारच्या पिशवीचा त्याच प्रकारचा रिले काढून येथे बसवून पाहावा. दोष रिलेबरोबर दुसऱ्या पिशवीकडे गेला, तर उत्तर मिळाले.

बॅटरीपासून पंपापर्यंत

मोजणीची सुरुवात नेहमी बॅटरीपासून करावी. काही तास विश्रांती मिळालेली, पूर्ण चार्ज झालेली लेड-अॅसिड बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टला ती जवळजवळ अर्धी झालेली असते आणि १२ च्या खाली गेली असल्यास आधी चार्ज करावी, बाकीची मोजमापे नंतर घ्यावीत. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मात्र इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. तीन पंप प्रत्येकी १५ अँपिअर घेऊ लागले तर ४५ अँपिअर तेथेच खर्च होतात, वर संगीताचा अॅम्प्लिफायर असतो, आणि इंजिन चालू असूनही बॅटरी उतरत जाते. चालकासमोरचा माहितीचा पडदा (डिस्प्ले) मध्येच विझून पुन्हा सुरू होणे, हे बऱ्याचदा पडद्याचे नव्हे, या घसरलेल्या व्होल्टेजचे लक्षण असते.

त्यानंतरची मोजणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुधा कोणी करत नाही. पंप बंद असताना त्याच्या वायरवर १२.५ व्होल्ट दिसले, याचा अर्थ वायर ठीक आहे असा होत नाही. करंट वाहत नसतो तेव्हा एका केसाएवढ्या तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. पंप पाण्यासह चालू असतानाच मोजावे. मल्टिमीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल टोक पंपाकडे येणाऱ्या निगेटिव्ह वायरच्या जोडावर ठेवावे. जो आकडा दिसेल, तेवढे व्होल्ट निगेटिव्ह वाटेत गमावले जात आहेत. तशीच मोजणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पॉझिटिव्हपर्यंत करावी. उलट्या दिशेने फिरणाऱ्या पंपात या दोन वायरींची अदलाबदल होते, म्हणून त्या वेळी पॉझिटिव्ह कोणती, हे आधी पाहून घ्यावे. दोन्ही मिळून घट ०.३ ते ०.४ व्होल्ट असेल तर उत्तम. एक व्होल्टच्या पुढे गेली, तर एकेक जोड मागे येत पुन्हा मोजावे. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी घेतो, दोष तेथे असतो.

एका ग्राहकाने डाव्या पिशवीचा पंप दोनदा बदलून झाल्यावर बोट आमच्याकडे आणली होती. पंप चालू असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि पंपावर फक्त ९.१. पॉझिटिव्ह वाटेत ०.३ व्होल्ट जात होते, निगेटिव्ह वाटेत ३.१. मागच्या सीटखाली सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येणारी पितळी पट्टी होती. तिच्यावरचा एक लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी, वरून स्वच्छ दिसत होता, पण स्क्रू सोडल्यावर वॉशरखाली हिरवट भुकटी निघाली आणि बोटाने जरा ओढताच वायर लगमधून सुटून हातात आली. आवरणाखाली आतल्या तारा दोन इंचांपर्यंत काळ्या पडल्या होत्या. काळा भाग कापून टाकला, कथिलाचा मुलामा असलेली वायर आणि नवा लग क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) वर गोंदयुक्त हीट-श्रिंक, म्हणजे उष्णतेने आकसणारी, नळी बसवली, आणि घट ०.२ व्होल्टवर आली. तिसऱ्या पंपाची गरज पडली नाही.

फ्यूजची धारकेही हातात घेऊन पाहावीत. प्लास्टिकवर तपकिरी वलय उमटले असेल, तर फ्यूज शाबूत असला तरी तेथील पकड सैल होऊन तापत आलेली आहे.

वापरलेल्या बोटीत आधीच्या मालकाने जोडलेली वायरिंग ही स्वतंत्र बाब आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर थेट चढवलेल्या प्रत्येक जास्तीच्या वायरीचा शेवट शोधावा, आणि बॅटरीजवळ तिला फ्यूज आहे की नाही ते पाहावे. बोट उभी असताना बॅटरी उतरत असेल, तर सर्व काही बंद करून निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर करंटच्या मापावर जोडावा. तो बहुधा १० अँपिअरपर्यंतच सहन करतो, म्हणून तो जोडलेला असताना पंप किंवा इग्निशन सुरू करू नये, आणि या मापावर असताना त्याची टोके थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर कधीही लावू नयेत. ०.०५ अँपिअरच्या आसपासचा ओघ चालण्यासारखा आहे, तरी महिनाभरात तोही ३६ अँपिअर-तास खातो. एक अँपिअर जात असेल, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांतच रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजवर आकडा पडतो, ती शाखा दोषी. बॅटरीचा मुख्य स्विच इंजिन चालू असताना 'बंद'वर फिरवू नये, अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

भरलेली पिशवी आपोआप रिकामी होत असेल तर

केंद्रोत्सारी पंप थांबल्यावर पाणी अडवत नाही. नळी पाण्याच्या पातळीखालून बाहेर पडत असेल किंवा वळसा पुरेसा उंच नसेल, तर वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने पिशवी हळूहळू रिकामी होते. याला उंच वळसा व त्यावर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, किंवा एकदिशा व्हॉल्व्ह हा उपाय आहे. इंपेलरच्या पंपात पाकळ्याच पाणी धरून ठेवतात, त्यामुळे झिजलेला इंपेलर पाणी सोडतो, आणि वेगात तळाकडून येणाऱ्या दाबाने नको असलेली पिशवी भरतोही. पिशवीतील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला झोळ पडून त्यात पाणी साचले की हवा बाहेर पडत नाही आणि पिशवी फुगून सीटचे झाकण उचलते. हा पंपाचा दोष नव्हे.

प्रत्येक पिशवी भरायला किती वेळ लागतो, तो बोट ठीक असताना एकदा मोजून लिहून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तासाला ३,००० लिटर देणारा पंप ४०० लिटरची पिशवी सुमारे ८ मिनिटांत भरतो. हा वेळ १२ मिनिटांवर गेला की पिशवी रिकामी राहण्याच्या कितीतरी आधी दोष कळतो. काही बोटींतील पडद्यावरची टक्केवारी पाणी मोजून नव्हे, पंप किती वेळ चालला यावरून दाखवली जाते. तिच्यावर विसंबू नये.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तीन पिशव्यांत १,२०० लिटर भरले, तर बोटीवर १,२०० किलो चढले. आधीच्या मालकाने जास्तीच्या पिशव्या बसवल्या असतील, तर निर्मात्याच्या पाटीवरील कमाल वजनात माणसे आणि सामानाबरोबर त्या पाण्याचाही हिशोब धरावा, आणि बोट ट्रेलरवर ओढण्यापूर्वी सर्व पिशव्या रिकाम्या कराव्यात. बिल्ज पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून प्रत्येक फेरीपूर्वी तपासावा. तो मुख्य स्विच बंद असतानाही, स्वतःच्या फ्यूजवरून, चालू झाला पाहिजे. पिशवी फुटली तर तिच्यात होते तेवढेच पाणी बोटीत पसरते, पण तळाचा व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधली नळी निसटली तर बाहेरचे पाणी थांबत नाही. पिशव्या भरून झाल्यावर तो व्हॉल्व्ह बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

आमच्याकडे बोट आणताना किंवा दूरध्वनी करताना पंपाचा प्रकार, विश्रांतीतील बॅटरीचे व्होल्टेज, पंप चालू असताना दोन्ही वाटांतील घट आणि पिशवी भरण्याचा वेळ एवढे चार तपशील लिहून आणावेत. काढलेला इंपेलर किंवा जळालेला फ्यूज फेकून न देता तोही बरोबर द्यावा. पाकळ्या कुठे तुटल्या आहेत आणि फ्यूजची तार मधोमध वितळली की टोकाशी तापून गेली, यावरून पुढचा शोध पुष्कळ सोपा होतो. इंपेलरच्या तुटलेल्या पाकळीचे तुकडे सापडले नसतील, तर तसे आवर्जून सांगावे, कारण ते नळीत पुढे जाऊन अडकलेले असू शकतात आणि ते काढल्याशिवाय आम्ही नवा इंपेलर बसवत नाही.