युद्धहानिपूर्ती

युद्ध लादणाऱ्या किंवा युद्धाचे नियम मोडणाऱ्या राष्ट्राने पीडित राष्ट्राला व तेथील लोकांना पैशाच्या, मालाच्या वा सेवेच्या रूपाने द्यावयाची भरपाई. खंडणी आणि युद्धदंड यांहून ही संकल्पना वेगळी मानली जाते. खंडणीला जेत्याचे बळ पुरते. हानिपूर्तीसाठी एकाचा दोष आणि दुसऱ्याचे नुकसान, दोन्ही दाखवावे लागते.

जुने तह बहुतेक युद्धदंडाचेच आहेत. इ. स. पू. २०१ मध्ये रोमने कार्थेजवर १०,००० टॅलंट (एक प्राचीन वजन) चांदी ५० वर्षांच्या हप्त्यांनी लादली. १८७१ च्या फ्रँकफुर्ट तहाने फ्रान्सच्या माथी ५ अब्ज फ्रँक आले. ते १८७३ मध्येच चुकते झाले, कारण पैसे पोचल्याशिवाय जर्मन फौजा फ्रेंच भूमीवरून हलणार नव्हत्या. १९०१ मध्ये चीनवर ४५ कोटी तैल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) ३९ वर्षांच्या मुदतीने, ४ टक्के व्याजाने बसवले गेले. दोष कोणाचा, हे ठरवायला यांपैकी कोठेही न्यायमंडळ नव्हते. हरला त्याने भरले.

आक्रमक म्हणून दायित्व प्रथम केव्हा ठरले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक १९०७ च्या चौथ्या हेग कराराच्या कलम ३ कडे बोट दाखवतात. परंतु ते कलम युद्धाचे नियम मोडल्याबद्दल भरपाई सांगते, युद्ध सुरू केल्याबद्दल नव्हे; त्या काळी युद्ध पुकारणे हेच मुळी बेकायदा नव्हते. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातील (१९१९) कलम २३१ हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या कलमाचा मसुदा अमेरिकन शिष्टमंडळातील नॉर्मन डेव्हिस व जॉन फॉस्टर डलेस यांच्या हातचा. जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांच्या आक्रमणाने लादल्या गेलेल्या युद्धामुळे झालेल्या सर्व हानीची जबाबदारी जर्मनी स्वीकारते, असा त्याचा आशय आहे. ‘अपराध’ हा शब्द त्यात नाही. लगेचच्या कलम २३२ मध्ये जर्मनीची साधने पूर्ण भरपाईस अपुरी असल्याचे मान्य करून देणे मुख्यतः नागरिकांच्या हानीपुरते आखले आहे. म्हणजे तत्त्व अमर्याद आणि वसुली मर्यादित, अशी ती जोडरचना होती. ऑस्ट्रिया (कलम १७७) व हंगेरी (कलम १६१) यांच्या तहांतही जवळपास हीच भाषा आहे, पण तेथे तिच्यावरून तेवढे वादळ उठले नाही. जर्मनीत मात्र कलम २३१ ‘युद्धापराधाचे कलम’ म्हणून वाचले गेले. ते केवळ आर्थिक दाव्याची कायदेशीर पायरी होते, या मताकडे अलीकडच्या इतिहासकारांचा कल आहे व तो बव्हंशी पटण्याजोगा आहे. तरीही ‘आक्रमण’ हा शब्द तेथे अनवधानाने आलेला नाही. शस्त्रसंधीपूर्वी अमेरिकेने जर्मनीला पाठवलेल्या ५ नोव्हेंबर १९१८ च्या पत्रातच जर्मनीच्या ‘आक्रमणाने’ झालेल्या नागरी हानीचा उल्लेख असून कलमाचे मूळ तेथपर्यंत नेता येते.

रकमेविषयीही असाच घोळ आहे. मे १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्णमार्क (सोन्याच्या मूल्याशी बांधलेले जर्मन मार्क) हा आकडा ठरला. तो तीन प्रकारच्या रोख्यांत विभागला होता आणि त्यांपैकी ८२ अब्जांचे ‘क’ रोखे जवळजवळ कागदावरचेच होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९१९ मध्येच ही मागणी आवाक्याबाहेरची ठरवली. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ एत्येन मांतूचे १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याला खोडून काढते. १९३२ मध्ये लोझान येथे प्रकरण गुंडाळले जाईपर्यंत सुमारे २० अब्ज मार्क वसूल झाले असावेत. अडचण निव्वळ ऐपतीची नव्हती. देणे परकीय चलनात भागवायचे तर ऋणको देशाला निर्यात वाढवावी लागते आणि धनको देशांना तो माल आपल्या बाजारात येऊ द्यावा लागतो. डिसेंबर १९२२ मध्ये जर्मनी कसूरदार ठरली ती तारायंत्राच्या खांबांसाठी द्यायचे लाकूड कमी पडल्यामुळे; पुढच्याच महिन्यात कोळशाचे निमित्त होऊन फ्रेंच व बेल्जियन फौजा रूर या जर्मन औद्योगिक प्रदेशात शिरल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर भर मालावर व यंत्रसामग्रीवर राहिला. फिनलंडने सोव्हिएट संघाचे देणे १९५२ पर्यंत जहाजे व यंत्रे देऊन फेडले. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाने बहुतेक राष्ट्रांनी जपानवरील दावे सोडले. भारतानेही १९५२ च्या स्वतंत्र तहात ते सोडून दिले. राज्याने दावा सोडला की, ज्याचे घर जळले त्याचा दावाही बहुधा त्याला न विचारताच बुडतो. या पद्धतीतले हे सर्वांत मोठे वैगुण्य होय.

कायद्याचा पाया आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाच्या १९२८ च्या खोझुफ कारखाना निवाड्यात (जर्मनी विरुद्ध पोलंड) स्पष्ट झाला : बेकायदा कृत्याचे सर्व परिणाम शक्य तितके पुसून टाकणे म्हणजे भरपाई. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१ च्या राज्यदायित्वविषयक कलमांत तेच तत्त्व आहे. तत्त्वाविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. प्रश्न वसुलीचा आहे.

ती वसुली खरोखर झाल्याचे ठळक उदाहरण इराकचे. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ ने (१९९१) कुवेतवरील आक्रमणाच्या थेट हानीबद्दल इराकला जबाबदार धरले. जिनीव्हातील भरपाई आयोगाकडे इराकच्या तेलउत्पन्नाचा हिस्सा – आधी ३० टक्के, अखेरीस बराच कमी – वळवला गेला. आयोगाने आधी हात घातला तो सामान्य माणसांच्या अर्जांना. इराक वा कुवेत सोडून पळावे लागलेल्या कामगाराला नुकसानीचा हिशेब मांडावा लागत नसे. त्या काळात तेथून निघाल्याचा साधा पुरावा दिला की, एकट्याला २,५०० व कुटुंबाला ५,००० डॉलर, आणि इतर दावे न केल्यास ४,००० व ८,००० डॉलर अशी ठरीव रक्कम होती. सरकारांमार्फत का होईना, पैसा माणसापर्यंत नेण्याची ही सोय मोलाची होती. जानेवारी २०२२ पर्यंत सुमारे १५ लाख दावेदारांसाठी ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले. मात्र हरलेले राज्य, परिषदेत नकाराधिकाराचा अडथळा नसणे आणि विकता येणारे तेल हे तिन्ही योग क्वचितच जुळतात.

इरिट्रिया व इथिओपिया यांच्यातील युद्धाच्या दाव्यांसाठीच्या आयोगाने २००९ मध्ये इथिओपियाला सुमारे १७.४ कोटी व इरिट्रियाला १६.१५ कोटी डॉलर मंजूर केले, आणि दोन्ही देशांच्या दारिद्र्याचाही विचार केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये युगांडाला काँगोत केलेल्या हानीबद्दल त्या देशाला ३२.५ कोटी डॉलर पाच वार्षिक हप्त्यांत भरण्यास सांगितले. पहिला हप्ता त्याच वर्षी आला.

आक्रमकाकडेच नकाराधिकार असेल, तर सुरक्षा परिषदेची वाट बंद होते. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने रशियाने युक्रेनला भरपाई द्यावी, असा ठराव ९४ विरुद्ध १४ मतांनी संमत केला. ७३ देश तटस्थ राहिले. आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची पाश्चात्त्य देशांत गोठवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी वापरता येईल काय, यावर कायदेपंडितांत दुफळी आहे. मूळ मुद्दल जप्त करणे हे परकीय राज्याच्या मालमत्तेला जप्तीपासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या विरुद्ध जाते, असे एक मत. आक्रमकाविरुद्धचा तो वैध प्रत्युपाय (बेकायदा कृत्याला उत्तर म्हणून केलेली, एरवी नियमबाह्य ठरणारी कारवाई) आहे, असे दुसरे. प्रत्युपाय मागे घेता येण्याजोगा असावा लागतो आणि खर्चलेले पैसे परत करता येत नाहीत, ही पहिल्या पक्षाची हरकत दुर्लक्षिण्याजोगी नाही. २०२४ मध्ये जी-७ राष्ट्रांनी मुद्दलाला हात न लावता त्याच्या उत्पन्नाच्या तारणावर ५० अब्ज डॉलरचे कर्ज उभारण्याचे ठरवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युक्रेनमधील नुकसानीसाठी हेग येथे उघडलेल्या हानिनोंदवहीत उद्ध्वस्त घरांचे दावे घेण्यास प्रारंभ झाला. या नोंदवहीचे काम दावे व पुरावे जतन करण्याचे आहे. रक्कम ठरवण्याचा वा देण्याचा अधिकार तिला नाही.