रेसी उपग्रह : साप्ताहिक संचालन

सौर ज्वालांतील (सूर्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या उद्रेकांतील) क्ष-किरण व गॅमा किरण टिपण्यासाठी अमेरिकेच्या नासाने ५ फेब्रुवारी २००२ रोजी सोडलेल्या रेसी या लघु उपग्रहाचे आठवड्याच्या पाळीने चालणारे कामकाज. उपग्रहाला सौरभौतिकीविद रूव्हेन रामाती यांचे नाव दिलेले आहे. रॉबर्ट लिन हे मोहिमेचे पहिले प्रमुख. नियंत्रण कक्ष कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अवकाशविज्ञान प्रयोगशाळेत होता आणि तेथीलच ११ मीटर व्यासाच्या अँटेनावर बहुतेक माहिती उतरवली जाई.

उपग्रहाची प्रकृती, झालेल्या ज्वाला, माहितीतील खंड आणि स्मृतिसाठ्याची स्थिती यांवर आठवडाभर लक्ष ठेवण्याचे काम मोहिमेतील एका शास्त्रज्ञाकडे असे. त्याला जपानी शब्दाने ‘तोबान’ म्हणत. आठवडा संपला की तो अहवाल लिहून पाळी पुढच्याकडे सोपवी. जपानच्या योहकोह (१९९१) या सौर उपग्रहावरून ही प्रथा आली असावी, हे मत अधिक संभवनीय दिसते.

अहवालांत स्मृतिसाठ्याची नोंद ठळक असे, त्याचे कारण उपकरणाच्या रचनेत आहे. उपग्रह मिनिटाला सुमारे १५ वेळा स्वतःभोवती फिरे. बारीक फटींच्या जाळ्यांच्या ९ जोड्यांमागे ९ जर्मेनियम शोधक होते. फिरताना किरण कधी अडत, कधी पार होत. या चढउतारावरून प्रतिमा पृथ्वीवर गणिताने उभी करावी लागे. त्यासाठी प्रत्येक फोटॉनची (किरणांच्या सुट्या ऊर्जाकणाची) वेळ व ऊर्जा स्वतंत्रपणे नोंदवणे भाग होते. साहजिकच ४ गिगाबाइटांचा साठा शांत सूर्याच्या दिवसांत रिकामा राही, तर मोठ्या ज्वालांच्या आठवड्यात भराभर भरे. तसे झाल्यास कमी ऊर्जेच्या फोटॉनांपैकी ठरावीक हिस्साच ठेवून उरलेले सोडून देत. फार तीव्र ज्वालेत शोधकांवरील किरणांचा मारा कमी करण्यासाठी त्यांच्यापुढे ॲल्युमिनियमच्या चकत्या आपोआप सरकत. ज्वालेची तीव्रता अभ्यासताना चकत्यांची त्या वेळची स्थिती न पाहणाऱ्याची फसगत ठरलेली.

कक्षा सुमारे ६०० किमी. उंचीची असल्याने प्रत्येक फेरीत सूर्य काही वेळ पृथ्वीआड जाई. दक्षिण अटलांटिकवरील प्रारण-पट्ट्यातही (विद्युत्‌भारित कणांची दाटी असलेल्या भागातही) मोजणी थांबे. (पृथ्वीपासून दूर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल१ बिंदूभोवती फिरणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ला या दोन्ही अडचणी नाहीत.) त्यामुळे दीर्घ ज्वालेचे निरीक्षण तुकड्यांत होई. मोहिमेत १ लाखांहून अधिक क्ष-किरण घटना नोंदल्या गेल्याचे नासा सांगते. त्यांना सरसकट ‘ज्वाला’ न म्हणता ‘घटना’ म्हणणेच इष्ट, कारण त्यांत अतिसूक्ष्म उद्रेकही येतात.

शोधक शीतकयंत्राने सुमारे ७५ केल्विनपर्यंत थंड ठेवत. प्रारणाने जर्मेनियमची झीज होई. ती भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २००७ पासून एकूण पाच वेळा शोधक मुद्दाम तापवण्यात आले. त्या काळात निरीक्षणे बंद असत. सूर्य अगदी शांत असताना उपग्रहाचा रोख किंचित बाजूला वळवून शांत सूर्याचे मंद क्ष-किरण शोधण्याचे प्रयोगही झाले.

संपर्कातील अडचणींमुळे ११ एप्रिल २०१८ नंतर निरीक्षणे थांबली. उपग्रह औपचारिकरीत्या १६ ऑगस्ट २०१८ रोजी सेवामुक्त झाला. समाप्तीसाठी दोन्ही तारखा दिलेल्या आढळतात. माहिती वापरणाऱ्यांना पहिलीच उपयोगी. एप्रिल २०२३ मध्ये उपग्रह वातावरणात शिरून नष्ट झाला.