‘रेसिमिक मिश्रण’ या शब्दाचा गुंता

लॅटिनमध्ये द्राक्षाच्या घडाला ‘रासेमुस’ म्हणतात. ‘रेसिमिक’ तिथून आला. वाइनच्या पिंपांना आतून जे पुट धरतं, त्यातून टार्टारिक आम्ल काढण्याची रीत अठराव्या शतकातली. 1820 च्या सुमारास त्याच धंद्यात एक दुसरं आम्ल हाती लागलं. घटक तेच, प्रमाणही तेच. पण टार्टारिक आम्ल ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) वळवतं, हे वळवत नव्हतं. ते ‘रेसिमिक आम्ल’. आपण आज जे विशेषण कुठल्याही संयुगाला लावतो, ते मुळात एका बाटलीवरचं नाव होतं.

1848 चा प्रयोग प्रसिद्धच आहे. पंचविशीतल्या लुई पाश्चरने रेसिमिक आम्लापासून मिळालेले स्फटिक निरखून, एकेक निवडून दोन ढीग केले आणि एकाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे वळवला. म्हणजे एकाच पदार्थाची, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, डावी आणि उजवी अशी दोन रूपं त्यात होती. सांगायचं राहून जातं ते असं, की ते स्फटिक आम्लाचे नव्हते. त्याच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे होते. हा क्षार सुमारे 27 अंश सेल्सिअसच्या खालीच असा वेगवेगळा बसतो. त्याहून गरम द्रावणातून येणाऱ्या प्रत्येक स्फटिकात डावं-उजवं दोन्ही असतं, आणि मग निवडायला काही उरत नाही. खुद्द रेसिमिक आम्लाचे स्फटिकही याच दुसऱ्या जातीचे.

गुंता इथूनच सुरू होतो. दोन्ही रूपं समसमान असली की आपण सरसकट ‘रेसिमिक मिश्रण’ म्हणतो. द्रावणात किंवा वायूत ते चालून जातं. घन अवस्थेत मात्र त्या एका नावाखाली निदान दोन निराळ्या वस्तू येतात. डाव्यांचे स्फटिक वेगळे, उजव्यांचे वेगळे आणि दोन्ही एकत्र मिसळलेले, तर तो काँग्लोमरेट. एकाच जालकात, म्हणजे स्फटिकातल्या रेणूंच्या नेमक्या मांडणीत, दोघं ठरावीक जागी बसलेले, तर ते रेसिमिक संयुग. घन पदार्थांची ही विभागणी 1899 मध्येच मांडली गेली. तिच्यात तिसरा, विरळा प्रकार घन द्रावणाचा, म्हणजे एकाच स्फटिकात दोन्ही रूपं कशीही विखुरलेली. अडचण अशी, की ‘रेसिमिक मिश्रण’ हे नाव काही जण सगळ्या प्रकारांना मिळून वापरत राहिले, तर काही जण फक्त काँग्लोमरेटला. दुसरा अर्थ धरला, तर ज्या आम्लामुळे हा शब्द जन्माला आला तेच ‘रेसिमिक मिश्रण’ ठरत नाही!

फरक केशनळीत, म्हणजे द्रवणांक पाहायच्या बारीक काचनळीत, डोळ्यांनी दिसतो. एकट्या उजव्या टार्टारिक आम्लाचा द्रवणांक 170 अंशांच्या आसपास, निर्जल रेसिमिक आम्लाचा 206 च्या आसपास. नुसती भेसळ द्रवणांक खाली ओढते. इथे तो वर गेला आहे, म्हणजे जालकच नवं आहे. अनोळखी नमुन्यात शुद्ध एक रूप चिमूटभर घालून पाहावं. द्रवणांक वाढला तर काँग्लोमरेट, उतरला तर रेसिमिक संयुग.

1996 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ‘रेसिमिक मिश्रण’ टाळायला सांगितलं आणि एकत्रित अर्थासाठी ‘रेसिमेट’ सुचवला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, आणि उशिरा झाला. मराठीत तर तो जास्तच पाळायला हवा. मिश्रण आणि संयुग यांतला भेद आपण शाळेत घोटून घेतो, आणि इथे संयुगालाच मिश्रण म्हणतो.

औषधांमुळे हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडला. 1957 मध्ये बाजारात आलेलं आणि गरोदरपणी घेतल्याने बाळं व्यंग घेऊन जन्मली म्हणून 1961 मध्ये मागे घेतलेलं थॅलिडोमाइड हे औषध रेसिमेट होतं. एकच रूप दिलं असतं तर अनर्थ टळला असता, असं अजून लिहिलं जातं. पण त्याची दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलतात. 1992 मध्ये अमेरिकी नियामकांनी औषधाच्या दोन्ही रूपांचा सुरुवातीपासूनच विचार व्हावा असं धोरण जाहीर केलं, आणि रूपं वेगळी कशी करायची हा प्रश्न कारखान्यांच्या दाराशी आला.

त्यातला स्वस्त मार्ग बीजारोपणाचा. अतिसंपृक्त द्रावणात (मावेल त्याहून जास्त पदार्थ विरघळलेल्या द्रावणात) हव्या त्या रूपाचे थोडे स्फटिक टाकायचे, की तेच रूप आधी खाली बसू लागतं. हे जमतं काँग्लोमरेटवर, आणि काँग्लोमरेट निघतात दहांत जेमतेम एक. बाकीच्यांत डावं-उजवं जोडीनेच खाली बसू पाहतं. कागदावर नुसतं ‘रेसिमिक मिश्रण’ लिहून आलं असेल, तर बी टाकून उपयोग होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. पुन्हा केशनळी घेऊन बसावं लागतं.