सहाव्या जॉर्जचे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग

ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज (१४ डिसेंबर १८९५ – ६ फेब्रुवारी १९५२) याला सिगारेटचे जबर व्यसन होते. आपल्याकडे जुन्या पेटीत सापडणाऱ्या १९४० च्या दशकातल्या रुपयांवर मुकुट घातलेला चेहरा दिसतो, तो याचाच. आजोबा सातवा एडवर्ड आणि वडील पाचवा जॉर्ज हेही अट्टल धूम्रपान करणारे होते.

व्यसनाची झळ आधी पायांना बसली. रक्तवाहिन्या अरुंद होऊन उजव्या पायाचा रक्तपुरवठा इतका घटला की पाय कापावा लागेल अशी भीती होती. मार्च १९४९ मध्ये शल्यविशारद जेम्स लिअरमंथ यांनी कमरेजवळचे मज्जातंतू छेदून तो वाचवला.

२३ सप्टेंबर १९५१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातल्याच एका दालनात शस्त्रक्रियेची सोय करून क्लेमेंट प्राइस टॉमस यांनी राजाचे डावे फुप्फुस काढले. गाठ कर्करोगाची होती. जनतेला मात्र फुप्फुसात ‘रचनात्मक बदल’ झाल्याचे सांगण्यात आले, आणि रोगाचे नाव खुद्द रोग्यापासूनही लपवले गेले. त्या काळी अशी रीत होती हे खरे. पण रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा लेख आदल्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. राजाचे दुखणे नाव घेऊन सांगितले असते, तर तो इशारा घरोघरी पोहोचला असता. ती संधी हुकली, याची हळहळ वाटते.

जन्मभर तोतरेपणाशी झगडून कमावलेला त्याचा आवाज शस्त्रक्रियेनंतर घोगरा झाला. दरवर्षी थेट प्रक्षेपित होणारे नाताळचे भाषण त्या वर्षी प्रथमच आधी ध्वनिमुद्रित केले गेले: थोडे बोलायचे, दम घ्यायचा, पुन्हा बोलायचे, मग ते तुकडे जोडायचे.

३१ जानेवारी १९५२ रोजी तो थोरली मुलगी एलिझाबेथ हिला निरोप द्यायला लंडनच्या विमानतळावर गेला. ५ फेब्रुवारीला सँडरिंगहॅम या राजघराण्याच्या खासगी इस्टेटीत सशांची शिकार केली आणि त्याच रात्री झोपेतच गेला. कारण नोंदले गेले ते हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचे. वय ५६.

थोरला भाऊ आठवा एडवर्ड १९७२ मध्ये घशाच्या कर्करोगाने वारला. धाकटी मुलगी मार्गारेट हिच्याही डाव्या फुप्फुसाचा काही भाग १९८५ मध्ये काढावा लागला. सिगारेट बनवणाऱ्या गॅलाहर कंपनीला मिळालेला राजचिन्ह वापरण्याचा मान काढून घेण्याचे एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १९९९ मध्ये ठरले.