पोळी कोण लाटतं, कोण भाजतं

दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवा. एकात दहा वर्षं जुना प्रोसेसर, दुसऱ्यात नवा कोरा. ग्राफिक्स कार्ड मात्र एकच, आळीपाळीने दोन्हींत बसवायचं. तोच गेम 1080पी वर, म्हणजे पडद्यावर कमी ठिपके (पिक्सेल) असताना चालवला, तर सेकंदाला किती फ्रेम होतात यात नवा प्रोसेसर चांगलाच पुढे जातो. 4के वर, म्हणजे जास्त पिक्सेलवर चालवला की बऱ्याचदा दोघांचे आकडे जवळपास सारखे येतात. मग लोक विचारतात, नवा घेऊन उपयोग काय? दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते आकडे नेमके कोणाचे, हे बघावं लागतं.

पडद्यावरची प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, प्रोसेसर आणि कार्ड दोघं मिळून करतात. कोण कुठे उभं आहे, कुठली वस्तू काढायची, याचा हिशोब प्रोसेसर करतो आणि ग्राफिक्स कार्डाला हुकूम सोडतो. कार्ड ती रंगवतं. घरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तसंच. लाटणारा हळू असेल तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारा मागे पडला तर लाटलेली पोळी पोळपाटावर वाट बघत बसते. तासाभरात पोळ्या किती झाल्या, हे दोघांतला जो हळू त्याच्यावर ठरतं.

आकडे मानून चालू. जुन्या प्रोसेसरला एक फ्रेम तयार करायला 12 मिलिसेकंद लागतात, नव्याला 5. कार्डाला 1080पी ची फ्रेम रंगवायला 8. म्हणजे जुन्यावर सेकंदाला 83 फ्रेम, नव्यावर 125. आता 4के घ्या. पिक्सेल बरोबर चौपट, 20.7 लाखांवरून 82.9 लाख. कार्डाला समजा 25 मिलिसेकंद लागले. प्रोसेसरचं काम फारसं वाढलेलं नाही, पण तव्याखालचा जाळच मंद झाला. दोन्हीकडे 40 फ्रेम. म्हणूनच प्रोसेसरची परीक्षा घेणारे मुद्दाम कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलवर, चाचणी करतात. 'एवढ्या भारी कार्डावर 720पी कोण खेळतं?' हा टोमणा त्यांना नेहमी ऐकावा लागतो, आणि तो चुकीच्या जागी असतो.

बरं, लाटणाऱ्याचा वेग तरी कशाने ठरतो? गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, हे बघून सांगता येईल असं वाटतं. एएमडीचे दोन प्रोसेसर घ्या. 2020चा रायझन 7 5800एक्स आणि 2022चा 5800एक्स3डी. दोघांची रचना एकच, झेन 3. दोघांत 8 कोअर, म्हणजे हिशोब करणारे 8 भाग. नव्याचा कमाल वेग उलट कमी, 4.7ऐवजी 4.5 गिगाहर्ट्झ. तरी बहुतेक गेममध्ये नवा पुढे. कारण त्याच्या चिपवर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या, वेगवान मेमरीचा, आणखी एक थर चढवलेला आहे; 32 एमबीची एल3 कॅश 96 एमबी झाली. गेममधली माहिती विखुरलेली असते, आणि ती कॅशमध्ये नसली की रॅमपर्यंत जावं लागतं. त्यात 70 नॅनोसेकंद गेले असं धरलं, तर 4.5 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 300हून जास्त ठोके वाया. कणीक हाताशी असेल तर हात थोडा हळू चालला तरी चालतं. प्रत्येक गोळ्यासाठी फडताळापर्यंत जाणाऱ्याचं कठीण.

हेच दोघं सिनेबेंच नावाच्या चाचणीत उतरवले की क्रम उलटा होतो, 5800एक्स किंचित पुढे. सिनेबेंचमध्ये पडद्यावर चित्र उमटताना दिसतं म्हणून अनेक जण त्याला ग्राफिक्सची चाचणी समजतात. त्याची प्रोसेसर-चाचणी ते चित्र निव्वळ प्रोसेसरच्या कोअरवर रंगवते. कार्ड बाजूला बसून असतं. आणि त्या कामाला जास्तीच्या कॅशचं फारसं अप्रूप नाही.

वेगळं कार्डच नसेल, तर लाटणं-भाजणं एकाच चिपवर येतं. इंटेलने 2011च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच सिलिकॉनवर आणले. पण डायरेक्टएक्स 12 या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरवर आधारलेली टाइम स्पाय ही ग्राफिक्सची चाचणी त्यावर सुरूच होत नाही, तेव्हा तिथे 'नवा त्याच्यापेक्षा कितीपट वेगवान' हा प्रश्नच उरत नाही. जुन्या चाचणीत तुलना होते, पण तिथे रॅम मधे येते, कारण अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. सँडी ब्रिजला डीडीआर3-1333 रॅमच्या दोन चॅनेलमधून, म्हणजे रॅमकडून प्रोसेसरकडे येणाऱ्या दोन वाटांतून, सेकंदाला जेमतेम 21 जीबी मिळतात. ग्राफिक्स चिपवरच असलेल्या 2024च्या रायझन 7 8700जीला डीडीआर5-5200 रॅममधून 83.

हे आकडे दोन्ही चॅनेल भरलेले असतानाचे. रॅमची एकच स्टिक लावली की ते निम्मे. त्यामुळे अशी तुलना कोणी दाखवली की मी स्कोअर नंतर वाचतो. आधी विचारतो, स्टिक किती लावल्या होत्या?