गाळलेलं पाणी, न गाळलेली विहीर

तेलविहिरीत स्केल धरू नये म्हणून जे रसायन सोडतात, त्याची मात्रा प्रयोगशाळेत ठरते. काचेच्या बाटलीत खारं पाणी घ्यायचं, त्यात मोजून रसायन घालायचं, बाटली विहिरीच्या तापमानाला लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवायची आणि ठरलेल्या वेळाने बघायचं, पाणी नितळ राहिलं की गढुळलं. या चाचणीतली एक पायरी सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही: पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेणं. कारण रास्तच आहे. पाणी गढूळच घेतलं तर शेवटी दिसणारा गढूळपणा आधीचा की स्केलचा, हे कळायचं कसं?

पण विहिरीतलं पाणी कुणी गाळून देत नाही. त्यात वाळू असते, चिकणमातीचे कण असतात, गंज असतो. रसायनाला या सगळ्यांतून वाट काढत जायचं असतं. या कणांचा हिशेब मांडायला तेलधंद्याने बराच उशीर केला. तो का झाला, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

स्केल म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार घट्ट थराच्या रूपात बाहेर पडणं. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरं पुट धरतं तेच हे, फक्त हजारो मीटर लांबीच्या नळीत. दाब कमी झाला, कार्बन डायऑक्साइड निसटला की कॅल्शियम कार्बोनेट बसतं. ते आम्लाने तरी निघतं. बेरियम सल्फेट मात्र आम्लाला भीक घालत नाही. शुद्ध पाण्यात सामान्य तापमानाला ते लिटरमागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे बेरियम आणि सल्फेट समोरासमोर आले की दगड ठरलेलाच.

त्यावरच्या उपायाचं मूळ तेलधंद्यात नाही, शेतीत आहे. अमेरिकेत सिंचनाच्या पाण्यात खत म्हणून अमोनिया सोडला की पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून पाइपांत बसायचं. अत्यल्प पॉलिफॉस्फेट घातलं तर ते बसत नाही, हे लुडविग रोझेनस्टाइन यांनी दाखवलं. त्यांचं पेटंट १९३६चं. १९३९मध्ये हॅच आणि राइस यांनी हाच परिणाम हेक्झामेटाफॉस्फेट हे पॉलिफॉस्फेट वापरून सविस्तर मांडला. यातली गंमत प्रमाणाची आहे. पाण्यातलं सगळं कॅल्शियम बांधून ठेवायचं तर कॅल्शियमच्या तोडीस तोड रसायन लागेल. इथे मात्र दशलक्ष भागांत दोन-चार भाग पुरतात, कारण रसायन कॅल्शियमला धरत नाही, नुकत्या जन्मलेल्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला धरतं आणि त्याची वाढ रोखतं.

पृष्ठभागाला धरतं, ही या विषयाची किल्ली. जे रसायन स्फटिकाला चिकटतं ते वाळूच्या कणालाही चिकटणार, हा तर्क १९३९मध्येही करता आला असता. पण तेव्हा प्रश्न नळांचा आणि बॉयलरचा होता आणि तिथे वाळू नव्हती.

१९५०च्या दशकात पॉलिफॉस्फेटं तेलविहिरीत आली. खडकाला भेगा पाडताना त्या उघड्या राहाव्यात म्हणून वाळू भरतात; त्या वाळूबरोबर हळूहळू विरघळणारे पॉलिफॉस्फेटचे दाणे टाकले जात. वाळू आणि इनहिबिटर, म्हणजे स्केल रोखणारं रसायन, असे प्रथम शेजारी आले, तेही मित्र म्हणून. पुढे पॉलिफॉस्फेटांची खोड लक्षात आली. गरम विहिरीत ती पाण्याने तुटतात आणि उरलेलं फॉस्फेट कॅल्शियमशी जोडी जमवून स्वतःच स्केल होतं. त्यांची जागा फॉस्फोनेटांनी आणि पॉलिअॅक्रिलेटसारख्या पॉलिमरांनी घेतली.

त्याच सुमारास ‘स्क्वीझ’ रुळला. रसायन पंपाने विहिरीच्या तोंडातून उलटं खडकात ढकलायचं, मागून समुद्राचं पाणी देऊन आणखी आत सारायचं, काही तास विहीर बंद ठेवायची आणि मग उत्पादन सुरू करायचं. खडकाच्या छिद्रांत चिकटून बसलेलं रसायन पुढे कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहतं. परत येणाऱ्या पाण्यातलं त्याचं प्रमाण किमान मर्यादेच्या खाली आलं की पुन्हा स्क्वीझ. रसायन खडकाला किती चिकटेल याचा अंदाज अधिशोषणाच्या समीकरणांवरून बांधतात. त्यातलं अर्विंग लँगम्यूर यांचं १९१८चं, तेल डोळ्यांसमोर न ठेवता लिहिलेलं.

म्हणजे एकीकडे खडकाच्या कणांना रसायन चिकटतं या भरवशावर अख्खी पद्धत उभी राहिली आणि दुसरीकडे मात्रा ठरवणाऱ्या बाटलीत मात्र एकही कण नव्हता. एकाच इमारतीत, कधी एकाच खोलीत, ही दोन कामं शेजारी शेजारी चालत. एका टेबलावर वाळूच्या थरातून रसायन सोडून किती अडकतं ते मोजायचं, दुसऱ्यावर बाटल्या. ‘नेस’ (NACE) या गंज-अभियंत्यांच्या संस्थेच्या १९७४च्या प्रमाण चाचणीने बाटल्यांच्या पद्धतीला शिस्त आणली, ते गरजेचंच होतं. पण शिस्त आली ती नितळ पाण्याला.

प्रश्नाला धार आली ती उत्तर समुद्रात. इकोफिस्क हे तेलक्षेत्र १९६९मध्ये सापडलं, फोर्टिज १९७०मध्ये, ब्रेंट १९७१मध्ये. तेलसाठ्याचा दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडायचं ठरलं. फुकट आणि हाताशी, दुसरं काय हवं? पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं आणि तिथल्या अनेक साठ्यांच्या मूळ पाण्यात बेरियम. दोन्ही पाणी विहिरीच्या तळाशी भेटली. मिलर क्षेत्रातल्या एका विहिरीचं उत्पादन २४ तासांत दिवसाला ३०,००० बॅरलवरून शून्यावर आलं, हे उदाहरण या विषयाच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकायला मिळतं, आणि ते रास्तच आहे. १९८८मध्ये ब्रे क्षेत्रात समुद्राच्या पाण्यातलं सल्फेटच पडद्याने वेगळं काढायची सोय झाली, पण बाकी क्षेत्रांचा भरवसा इनहिबिटरवरच राहिला.

दरम्यान वाळूचा इतिहास वेगळ्याच वाटेने चालला होता. वाळू हा यंत्र अभियंत्यांचा शत्रू; चोक (प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) खाते, पाइपाची वळणं झिजवते, सेपरेटर (तेल, पाणी आणि वायू वेगळे करणारी टाकी) भरून टाकते. तिच्यावरचे उपायही यांत्रिक: जाळ्या, खड्यांचे थर, राळेने दाणे सांधणं. बारीक कणांचं प्रकरण आणखी तिसऱ्याच खात्यात, खडकाच्या पारगम्यतेच्या, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो याच्या, अभ्यासात. १९७९मध्ये मुकी नावाच्या संशोधकाने ३७ मायक्रॉनच्या चाळणीतून पडणाऱ्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कण सगळे चिकणमातीचे नसतात, मोठा वाटा क्वार्ट्झचा आणि अस्फटिक पदार्थांचा असतो, हे त्यातून दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: पाण्याने ओले होणारे कण पाणी हललं की हलतात. तेल एकटंच वाहत असेल तर ते जागचे हलत नाहीत. पुढे खिलार आणि फॉगलर यांनी दाखवलं की वालुकाश्मातल्या पाण्याचा खारेपणा एका मर्यादेखाली गेला की चिकणमाती दाण्यांवरून सुटते आणि छिद्रं बुजवते.

हे सगळं जोडून पाहिलं तर चित्र एकदम स्पष्ट होतं. विहिरीत पाणी यायला लागलं की स्केलचा धोका सुरू होतो. पाणी यायला लागलं की बारीक कण सुटतात. दाण्यांना एकत्र धरणारा केशिकांचा ताण पाण्याने मोडतो, म्हणून वाळूही तेव्हाच वाढते. ज्या दिवशी इनहिबिटरची गरज पडते त्याच दिवशी त्याचे वाटेकरी हजर होतात. यात योगायोग काहीच नाही. पण स्केलवाले, वाळूवाले आणि पारगम्यतावाले आपापल्या परिषदांना जात राहिले.

वाटेकरी किती खातात याचा ढोबळ हिशेब कागदावरही करता येतो. गोल दाण्याचं पृष्ठफळ भूमितीने निघतं. २०० मायक्रॉन व्यासाच्या क्वार्ट्झच्या वाळूचा एक ग्रॅम घेतला तर त्याचं पृष्ठफळ साधारण ०.०११ चौरस मीटर भरतं, एखाद्या पोस्टकार्डापेक्षा फार मोठं नाही. तेवढ्याच वजनाच्या केओलिनाइट चिकणमातीचं १० ते २० चौरस मीटर, एक खोली. स्मेक्टाइट चिकणमातीचं तर पार ८०० चौरस मीटरपर्यंत जातं. आता घटकाभर असं धरू की एका चौरस मीटरवर जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम रसायन बसतं. लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅम रसायन आणि एक ग्रॅम कण आहेत. वाळू त्यातला हजारावा भाग घेईल, तो मोजताही यायचा नाही. केओलिनाइटला मात्र सगळंच्या सगळं गिळण्याइतकी जागा आहे. प्रत्यक्षात आकडा पाण्याचा सामू, कॅल्शियम, तापमान यांवर हलतो. कॅल्शियम वाढलं की फॉस्फोनेट सहसा जास्त चिकटतं, कॅल्शियम मधला दुवा बनतं. तरी प्रमाण ध्यानात येतं. डोळ्यांना दिसणारी वाळू यात जवळजवळ निर्दोष आहे. न दिसणारा गाळ चोर आहे.

हा चोर दुसऱ्या बाजूनेही घाव घालतो. नितळ पाण्यात स्फटिकाला शून्यातून जन्म घ्यावा लागतो आणि तेच त्याचं अवघड काम. कणाच्या पृष्ठभागावर ती मेहनत बरीच वाचते, आयती बैठक मिळते. म्हणजे रसायन कमी झालेलं आणि त्याच वेळी स्फटिकांचं काम सोपं झालेलं. विहिरीतून काढलेल्या नळीचा तुकडा आडवा कापला की कधी कधी हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं: पांढऱ्या-करड्या वर्तुळाकार थरांत वाळूचे दाणे जडवल्यासारखे बसलेले. तिथे वाळू फक्त अडकलेली नसते, स्केलने तिला सांधलेलं असतं, म्हणून तो थर नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही.

स्क्वीझमध्ये नुकसान आणखी गुंतागुंतीचं आहे. रसायन ज्या कणांवर बसवलं तेच कण सुटून वर आले तर ते आपल्याबरोबर कित्येक आठवड्यांचा साठा घेऊन येतात. आणि ते सुटतात कशाने? कधी स्क्वीझमुळेच. अनेक इनहिबिटर आम्लधर्मी रूपात येतात. ते दाण्यांना सांधणारं कार्बोनेट खातात, लोहयुक्त सिडेराइट आणि क्लोराइट विरघळवतात. मागून दिलेलं पाणी साठ्याच्या पाण्याहून फार गोडं असेल तर चिकणमाती बिथरते. त्यावर बंद विहीर झटक्यात पूर्ण जोरात सुरू केली की जे थोडंफार धरून होतं तेही निघतं. स्क्वीझनंतर उत्पादन घटलं की बोट रसायनाकडे दाखवण्याची रीत आहे. माझ्या मते चोक किती वेगाने उघडला हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मोजमापातली फसगत तर खास सांगण्यासारखी आहे. विहिरीवर नमुना घेतात आणि पाण्यातलं फॉस्फरस मोजून रसायन किती उरलं ते ठरवतात. नमुना आधी गाळला आणि मग त्यात आम्ल घातलं, तर कणांवरचं रसायन फिल्टरवर राहतं आणि आकडा येतो तो पाण्यात खरोखर मोकळ्या असलेल्या रसायनाचा. नमुना टिकावा म्हणून आधी आम्ल घातलं आणि नंतर गाळला, तर कणांवरचं रसायन सुटून पाण्यात येऊ शकतं. आकडा छान दिसतो, विहीर सुरक्षित वाटते आणि नळीत दगड वाढत असतो. क्रम बदलला की निदान बदललं. आणि अहवालात क्रम बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो.

निवडीचा पेचही इथूनच येतो. खडकाला घट्ट चिकटणारी फॉस्फोनेटं स्क्वीझला उत्तम, पण वाहत्या गाळाला तीच जास्त बळी पडतात. सल्फोनेट गट असलेली पॉलिमरं गाळाकडे फारशी ढुंकून बघत नाहीत, आणि त्याच कारणाने खडकातही फार दिवस टिकत नाहीत. नळीतून सतत रसायन सोडायचं असेल तर दुसरी बरी, स्क्वीझ करायचा असेल तर पहिली. आणि विहीर वाळूही देत असेल तर दोन्ही बाजूंनी तडजोड.

स्क्वीझच्या आधी पोटॅशियम क्लोराइडचं पाणी किंवा चिकणमाती स्थिर करणारं पॉलिमर देऊन कण जागच्या जागी बांधायचे, ही त्यातली एक वाट. सच्छिद्र सिरॅमिकच्या दाण्यांत इनहिबिटर भिजवून ते भेगांमध्ये किंवा खड्यांच्या थरात भरायचे, ही दुसरी. १९५०च्या दशकातल्या वाळू-पॉलिफॉस्फेटच्या जोडीचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

आणि बाटल्या? त्यांत आता मुद्दाम घन पदार्थ घालून चाचण्या होतात. गाळलेल्या पाण्याची एक रांग, तेच पाणी आणि मोजलेला गाळ अशी दुसरी; दोन्हींत किती मात्रा लागते ते पाहायचं. पण त्या दुसऱ्या रांगेत घालायला वाळू बहुतेक वेळा सेपरेटरच्या तळातून उपसून आणतात, कारण तीच हाताला लागते. तळाला बसते ती जड, जाडी वाळू. चिकणमाती तोवर पाण्याबरोबर पुढे निघून गेलेली असते.