वारस दाखला: १८२७ च्या रेग्युलेशनखाली अर्ज कसा करायचा

दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज टाईप होतो तेव्हा वर 'मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ अन्वये' असे लिहिलेले दिसते. टायपिस्टची चूक समजू नका, साल तेच आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना १८२७ साली जी कायद्यांची संहिता आली, त्यातले हे आठवे रेग्युलेशन. तिच्यातला फौजदारी भाग पुढे इंडियन पीनल कोडने गिळला, इतर बरेच काही नंतरच्या दिवाणी कायद्यांनी. वारसांचे हे रेग्युलेशन मात्र महाराष्ट्रात आजही रोज वापरात आहे. त्याला 'अधिनियम' म्हणत नाहीत, कारण १८३३ च्या चार्टर ॲक्टच्या आधी मुंबईचे गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल रेग्युलेशनच काढत. अर्जात 'अधिनियम ८, १८२७' असे पडले असेल तर दाखल करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

अर्जाकडे वळण्याआधी या रेग्युलेशनचे पहिलेच कलम पाहा. माणूस मालमत्ता ठेवून वारला, तर त्याच्या वारसाला न्यायालयाकडे आधी अर्ज न करताही त्या मालमत्तेचा कारभार हाती घेता येतो, वसुलीचे दावे लावता येतात, असे ते म्हणते. न्यायालयाची औपचारिक मान्यता, म्हणजेच हा वारस दाखला, लागते ती समोरच्याची खात्री पटावी म्हणून. मयताची वस्तू ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो मयताचे देणे लागतो, त्याला 'याच्याशी व्यवहार केला तर उद्या दुसरा कोणी येऊन मान धरणार नाही' असा भरवसा हवा असतो. म्हणून समोरचे कार्यालय लेखी मागत असेल तरच या वाटेला जा. बऱ्याच लोकांचे काम न्यायालयाची पायरी न चढता होण्यासारखे असते.

कोणता कागद कशासाठी, यावरच सर्वाधिक घोळ होतो. शेतजमिनीच्या सातबारावर नाव लावायचे असेल आणि वारसांत भांडण नसेल, तर तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज पुरतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत खबर द्यायची असते. ती गाव नमुना ६-क मध्ये जाते, फेरफार पडतो, नोटिशीची १५ दिवसांची मुदत जाते आणि मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. बँकेतली ठेव, शेअर्स, रोखे, येणे रक्कम यांसाठी नामनिर्देशन (नॉमिनेशन) नसेल तर लागते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३७२ खाली मिळते आणि फक्त येणी व रोखे यांच्यापुरते असते. १८२७ चा दाखला घेऊन बँकेत गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परत येतो. घर, प्लॉट, सिटी सर्व्हेची मिळकत, सोसायटीतला फ्लॅट असल्या ठिकाणी हा दाखला चालतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-१३ मध्ये, सभासद वारल्यावर भाग (शेअर) कोणाच्या नावे करायचा यासाठी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या बरोबरीने वारस दाखल्याचेही नाव आहे. गोव्यातल्या मिळकतीला यातले काही लागू नाही. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा आहे आणि वारसनिश्चितीचा दस्त विशेष नोटरीपुढे होतो.

अर्ज कोण करू शकतो? मयताचा कोणताही कायदेशीर वारस, मृत्युपत्रातला व्यवस्थापक किंवा मालमत्तेचा कायदेशीर प्रशासक. सगळ्या वारसांनी मिळून केला तर उत्तमच. एकट्याने केला तर बाकीच्यांना जाबदेणार (समोरचा पक्ष) म्हणून दाखवायचे आणि त्यांची संमती असेल तर तसे शपथपत्र जोडायचे. अज्ञान (वयात न आलेला) वारस असेल तर त्याच्यातर्फे पालक. मूळ मजकुरात 'जिल्हा कोर्ट' आहे, पण आता हे अधिकार वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडेही दिलेले असतात आणि बहुतेक अर्ज तिथेच चालतात. बृहन्मुंबईत उच्च न्यायालयाच्या टेस्टॅमेंटरी (मृत्युपत्र व वारसांची प्रकरणे पाहणाऱ्या) विभागात जावे लागते. मयत जिथे कायम राहत होता त्या ठिकाणचे न्यायालय धरा. वाईचा माणूस पुण्याच्या दवाखान्यात वारला की मृत्यू दाखला पुण्याचा निघतो, आणि घाईत अर्जही पुण्यात दाखल होतो. मग राहण्याचा पुरावा मागितला की रेशन कार्ड निघते वाईचे.

कागदपत्रे अशी: मृत्यू दाखल्याची मूळ प्रत, वंशावळीचे शपथपत्र, अर्जदार आणि सर्व वारसांचे आधार, मयताच्या शेवटच्या राहत्या ठिकाणाचा पुरावा, रेशन कार्ड, आणि मिळकतीचे कागद. जमीन असेल तर सातबारा आणि ८-अ, गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका, फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करार, इंडेक्स दोन आणि भाग दाखला. वकील असेल तर वकालतनामा. मिळकतीचे परिशिष्ट उताऱ्यावरून अक्षर न अक्षर उतरवा: मौजे, तालुका, जिल्हा, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा. पोटहिस्सा राहिला तर दाखला हातात आल्यावर दुय्यम निबंधक किंवा भूमी अभिलेख कार्यालय 'ही मिळकत यात नाही' म्हणून परत पाठवते.

वंशावळीत खरी मेख आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पहिल्या वर्गात विधवा, मुलगे, मुली आणि आई येतात. आई हयात असेल तर ती वारस आहे, आणि तिलाच लोक हमखास विसरतात. समजा मयताच्या मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी आहे. स्वकष्टार्जित मिळकतीत पाच वारस झाले, प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही यायला हवीत. बाई वारली असेल तर कलम १५ चा क्रम वेगळा आहे: मुलगे, मुली आणि पती. मूल नसेल आणि मिळकत आई-वडिलांकडून आलेली असेल, तर ती बापाच्या वारसांकडे परत जाते. मुलीने हक्क सोडला आहे म्हणून वंशावळीत तिचे नावच घालायचे नाही, हा प्रकार तर अगदी नेहमीचा. हक्कसोड नोंदणीकृत असला तरी वंशावळ पूर्णच लिहायची आणि हक्कसोड वेगळा जोडायचा. लपवलेले नाव पुढे उघड झाले तर तेवढ्यावर दाखला रद्द होऊ शकतो.

अर्ज दाखल होऊन नंबर पडला की न्यायालय जाहीरनामा काढते. त्याचा नमुना रेग्युलेशनच्याच परिशिष्टात आहे: ज्या कोणाला अर्जदाराच्या हक्काविषयी हरकत असेल त्याने जाहीरनाम्याच्या तारखेपासून एक महिन्यात यावे. बजावणी खर्च भरायचा, न्यायालयाच्या फलकावर आणि मयताच्या गावात डकवायचा, शिवाय वर्तमानपत्रात द्यायचा. वर्तमानपत्र त्या तालुक्यात वाचले जाणारे निवडा, छापून आलेला पूर्ण अंक जपून ठेवा. बेलिफाचा बजावणी अहवाल परत आला नाही, किंवा नोटिशीत मयताचे नाव चुकले, की सगळे नव्याने आणि महिनाही नव्याने.

महिना उलटला, हरकत आली नाही, तरी दाखला आपोआप मिळत नाही. न्यायाधीश पुरावा घेतात. अर्जदाराचे सरतपासाचे (स्वतःच्या साक्षीचे) शपथपत्र, मूळ कागद, गरज वाटल्यास एखादा नातलग किंवा शेजारी साक्षीदार. नावातला फरक इथे अडकतो. सातबारावर 'पांडू सखा', मृत्यू दाखल्यावर 'पांडुरंग सखाराम', आधारवर आणखी तिसरेच. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच 'ऊर्फ' घालून सगळी नावे लिहा आणि एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्रात सांगा. नाहीतर दाखल्यावर एकच नाव येते आणि दुसऱ्या नावाची मिळकत तशीच पडून राहते. हरकत आली तर न्यायालय ती ऐकून निर्णय देते.

भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३९० ने उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या बऱ्याच तरतुदी १ मे १८८९ नंतरच्या या दाखल्यांनाही लावल्या आहेत. त्यामुळे न्यायालय बंधपत्र किंवा जामीन मागू शकते, आणि कोर्ट फीचा प्रश्नही येतो. फी मिळकतीच्या मूल्यांकनाप्रमाणे ठरते. अर्जाआधीच न्यायालयाच्या फी विभागात विचारून मूल्यांकन लिहा.

दाखल्याचा अर्थ काय, हे कलम ७ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. त्याने मालकी मिळत नाही. सध्या कायदेशीर कारभार कोणाकडे आहे एवढेच तो दाखवतो. त्याने कोणाचाही हक्क कायमचा ठरत नाही वा बुडत नाही, आणि अधिक सरस हक्काचा वारस पुढे आला तर न्यायालय तो रद्द करते. दाखलाधारक इतर हिस्सेदारांना हिशेब देण्यास बांधील राहतो. म्हणून एका भावाच्या नावचा दाखला दाखवून तो अख्खा फ्लॅट विकायला निघाला, तर घेणाऱ्याने बाकीच्या वारसांच्या सह्या मागाव्यातच. अर्ज फेटाळला गेला तरी कलम ८ प्रमाणे हक्क संपत नाही, दावा लावून तो सिद्ध करता येतो.

दाखला मिळाल्याबरोबर खिडकीपाशीच नावे, गट क्रमांक आणि मृत्यूची तारीख तपासा. प्रमाणित प्रती दोन-तीन जास्त काढून ठेवा. सोसायटी, महापालिकेचा कर विभाग आणि वीज कंपनी प्रत्येकी एक ठेवून घेतात, मूळ दाखला मात्र कोणाकडेही सोडू नका.